मरळीतले जंत आणि धरणाचे पाणी

महोदय,

मरळीच्या पोटात जंत निघाला की ‘पाणी नासलं’ अशी हाकाटी आमच्या पैठणच्या बाजारात लगेच सुरू होते. मी इथे प्राणिशास्त्र शिकवत असे. जायकवाडीतली वाम चिरली आणि आतड्यात पांढरी फीत वळवळली, की पोरं मागे सरायची. हा पट्टकृमी माशात शिरतो तो सायक्लॉप्स या बारीक जिवातून. मागूर माशातला मात्र चिखलातल्या गांडुळवर्गीय किड्यांतून येतो, आणि पानासारख्या चपट्या पर्णकृमींपैकी बहुतेकांना तर गोगलगाय लागते. त्यामुळे संथ, गाळाच्या तलावात कृमींचा एक गोतावळा, सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यात दुसराच. जंत म्हणजे प्रदूषण नव्हे. उलट सांडपाणी फार झालं की काही गोगलगायी मरतात आणि त्यांच्यावर जगणारे कृमीही.

मला खरी काळजी वाटते ती मत्स्यबीजाच्या टेम्पोंची. पूर्व आशियातला गवत्या मासा जगभर नेला, तर त्याच्यासोबत त्याचा पट्टकृमीही गेला. एका भागातलं बीज दुसऱ्या धरणात सोडण्याआधी मूठभर पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली बघायला असा कितीसा खर्च येतो? मत्स्य विभागाने एवढं तरी करावं. बाकी मासा नीट शिजवून खुशाल खावा, मी खातो.

– एक निवृत्त शिक्षक, पैठण