‘बहाला ना’ म्हणजे हात टेकणे नव्हे

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतल्या फिलिपिन्सवरील लेखात ‘बहाला ना’ या फिलिपिनो वाक्प्रचाराचा अर्थ ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ असा दिला आहे आणि तेवढ्यावरून फिलिपिनो माणूस दैववादी ठरवला आहे. या अर्थावरची हरकत जवळपास पन्नास वर्षे जुनी आहे. फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेडो लागमाय यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, पुढचे काही दिसत नसताना जोखीम पत्करून उडी घ्यायची, त्या वेळी माणूस ‘बहाला ना’ म्हणतो. आपल्या ‘बघू काय होतं ते’ला जो सूर असतो, तो इथे जवळचा.

ही चूक एकट्या लेखकाची नाही. १९६०च्या दशकात मनिलात काम करणारे अमेरिकी जेझुइट धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी ‘पाकिकिसामा’ म्हणजे जमवून घेणे, हे फिलिपिनो समाजाचे ठळक मूल्य मानले. फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलिओ एन्रिकेझ यांनी यावरच बोट ठेवले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून ते १९७१ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठात परतले. ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’ म्हणजे ‘फिलिपिनो मानसशास्त्र’, या त्यांनी उभ्या केलेल्या पंथाची पहिली राष्ट्रीय परिषद १९७५ मध्ये भरली. त्यांचा आक्षेप असा: आधी इंग्रजी संकल्पना घ्यायची, मग तिला जुळेलसा स्थानिक शब्द हुडकायचा, आणि शेवटी तो शब्द म्हणजेच त्या लोकांचा स्वभाव असे जाहीर करायचे.

‘हिया’ या शब्दाचे उदाहरण घ्या. इंग्रजीत त्याची ‘शरम’ झाली. पण ‘महियाइन’ म्हणजे लाजाळू, तर ‘नपाहिया’ म्हणजे चारचौघांत ज्याची फजिती झाली तो. प्रत्यय बदलला की सगळा प्रसंगच बदलतो. आपल्याकडे लाजणे, लाज वाटणे, लाज काढणे आणि लाज राखणे या चार क्रियांना प्रश्नावलीत एकच रकाना दिला तर जे होईल, तेच तिथे झाले.

एन्रिकेझ यांच्या मांडणीच्या गाभ्याशी ‘काप्वा’ आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘इतर’ असा मिळतो, आणि तो फसवा आहे, कारण काप्वामध्ये मी स्वतःही येतो. मराठी वाचकाला हे इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळावे. फिलिपिनोत ‘तायो’ आणि ‘कामी’ असा भेद आहे, तोच आपला ‘आपण’ आणि ‘आम्ही’. (हे पत्र दोघांनी मिळून लिहिले आहे, म्हणून इथे ‘आम्ही’.)

संशोधन करणाऱ्यांना यातला सर्वांत उपयोगी भाग पायऱ्यांचा. कार्मेन सांतियागो आणि एन्रिकेझ यांनी १९७६ मध्ये माणसामाणसांतल्या व्यवहाराच्या आठ पायऱ्या मांडल्या. पहिल्या पाच परक्या माणसासाठी: ‘पाकिकितुंगो’ या औपचारिक सभ्यतेपासून ‘पाकिकिसामा’पर्यंत. म्हणजे लिंच यांनी ज्याला मूल्य म्हटले, ती परक्यांच्या वर्गातली शेवटची पायरी निघाली! उरलेल्या तीन आपल्या माणसासाठी. त्यातली पहिली म्हणजे परस्पर विश्वास. निदान तिथवर पोचल्याशिवाय मिळालेली उत्तरे भरवशाची मानू नयेत, असा दंडक आहे. हातात फॉर्म घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मिळते ते सौजन्य. आपण ते ‘मत’ म्हणून नोंदवतो.

म्हणून ‘पागतातानुंग-तानोंग’ ही पद्धत. अर्थ सरळ आहे: विचारत फिरणे. मुद्दे मनाशी पक्के असतात, पण प्रश्न गप्पांच्या ओघात येतात, लोकांच्याच भाषेत, आणि समोरचाही उलट विचारू शकतो. एकच गोष्ट वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या वेळी विचारायची आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. त्यांच्यात तफावत आली तर सरासरी काढत बसू नये. ती का आली, हे विचारायला पुन्हा जावे. यात वेळ जातो, आणि नोंदी त्याच दिवशी उतरवल्या नाहीत तर ऐकलेले आणि आपण लावलेला अर्थ एकमेकांत मिसळतात.

या पंथावर टीकाही आहे, आणि ती आम्हाला रास्त वाटते. त्यातल्या बहुतेक संज्ञा तागालोग या मनिला परिसरातल्या भाषेतल्या आहेत. सेबुआनो ही वेगळी भाषा बोलणारे किंवा दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे मुस्लिम समूह त्यात कितपत सामावतात, हा प्रश्न उरतोच. लेखकाने पुढच्या लेखात तो जरूर घ्यावा. तोवर ‘बहाला ना’वरचा दैववादाचा शिक्का तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.

– मानसशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे