अनोळखी नंबरवरून फोन आला तर : आई-बाबांना पत्र

पुणे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दूरसंचार खात्यातून बोलतो असे सांगणाऱ्या माणसाने बाबांना बराच वेळ फोनवर धरून ठेवले, हे आईकडून कळले. तुमच्या आधारवर कोणीतरी दुसरे सिम घेतले आहे, त्यावरून गैरप्रकार झाले आहेत आणि दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, असे तो म्हणत होता. बाबांनी शेवटी फोन ठेवला हे फार चांगले केले. मात्र तेव्हापासून बाबा एकही अनोळखी फोन उचलत नाहीत आणि पोस्टमनचाही फोन तसाच वाजून गेला, हे ऐकून पत्रच लिहावे असे वाटले. असे सगळे सविस्तर सांगायचे तर फोनवर जमत नाही, आणि पत्र तुम्हाला पुन्हा काढून वाचताही येईल.

मला एक गोष्ट तुम्हा दोघांना पटवून द्यायची आहे. फोन करणारा माणूस कोण आहे, हे त्याच फोनवर, त्याच्याच तोंडून ऐकून ठरवायचे नाही. त्याने बँकेचे नाव सांगितले, पोलिसांचे सांगितले किंवा माझे सांगितले, तरी "ठीक आहे, मी चौकशी करतो" एवढे म्हणून फोन ठेवायचा आणि आपल्या वहीत लिहिलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. त्याने सांगितलेल्या नंबरवर नव्हे, त्याने पाठवलेल्या नंबरवरही नव्हे, आणि गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवरही नव्हे, कारण तिथेही खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. खरा माणूस असेल तर या चौकशीने त्याचे काहीच बिघडत नाही. फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका, आत्ताच्या आत्ता करा, असे जो म्हणतो त्याला नेमकी ही चौकशीच टाळायची असते.

बाबांचा भरवसा मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या नावावर आहे, म्हणून ते नाव येते कुठून हे सांगते. ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये दिसणारे नाव सरकारी नोंदीतले नसते. लोकांनी आपापल्या फोनमध्ये तो नंबर ज्या नावाने साठवलेला असतो त्यावरून, किंवा त्या नंबरच्या मालकाने स्वतः भरलेल्या माहितीवरून ते तयार होते. त्यामुळे एखाद्या भामट्याने आपल्या नंबरला बँकेचे नाव दिले आणि चित्राच्या जागी तिचे चिन्ह लावले, तर तुम्हाला तेच दिसते. नाव लाल रंगात आले तर अनेकांनी त्या नंबरची तक्रार केली आहे असे समजावे आणि फोन सोडून द्यावा, एवढा त्या ॲपचा उपयोग नक्की आहे. परंतु लाल नाही म्हणजे माणूस चांगला, असा उलटा अर्थ कधीही काढू नये, कारण कालच घेतलेल्या सिमबद्दल अजून कोणीच तक्रार केलेली नसते. सिम घेताना अर्जात भरलेले नाव पडद्यावर दिसावे, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये केली. ती व्यवस्था उपयोगाचीच आहे, तरीही गरिबांना थोडे पैसे देऊन त्यांच्या नावावर सिम घेणाऱ्या टोळ्या असतात, हे बाबांनी विसरू नये.

नंबरावरून थोडासा अंदाज येतो. 140 ने सुरू होणारे फोन जाहिरातीचे असतात, ते उचलण्याची गरज नाही. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे, म्हणून साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी बँकेच्या नावाने बोलू लागला तर तिथेच थांबावे. आरंभी अधिक चिन्ह असून पुढे 91 ऐवजी दुसरा आकडा असेल, तर तो फोन परदेशातला आहे, आणि परदेशात आपले कोणी नाही.

आता आपल्या भागाची, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागाची, गोष्ट सांगते, कारण बाबांच्या बाबतीत मला खरी काळजी तिचीच वाटते. कचेरीत, बसमध्ये, बँकेत सगळीकडे कन्नडमध्ये निभावून नेणाऱ्या माणसाला फोनवर कोणी स्वच्छ मराठीत "नमस्कार सर" म्हणाले की आपला माणूस भेटल्यासारखे वाटते. बाबांनी उभे आयुष्य मराठी शाळेत शिकवण्यात घालवले, त्यांना तर ते वाटणारच. या टोळ्यांकडे मराठी, कन्नड, हिंदी अशा सगळ्या भाषा बोलणारी मुले असतात आणि समोरचा ज्या भाषेत विरघळेल ती ते वापरतात. म्हणून माणूस मराठी बोलतो एवढ्यावरून त्याला आपला समजू नये.

मराठी नावे असलेले नंबर घेऊन एका दमात सगळ्यांना फोन करणाऱ्यांना आपण कर्नाटकात राहतो हेही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि ते तिथे उघडे पडतात. वीजबिल थकले आहे, रात्री साडेनऊला जोडणी तोडू, असे महावितरणच्या नावाने कोणी सांगितले, तर आपल्या नंदगडला वीज कर्नाटकातली हेस्कॉम कंपनी देते आणि तिच्या तक्रारीचा नंबर 1912 आहे, हे तुम्हाला माहीत आहे. "लाडकी बहीण"चे पैसे अडकले आहेत असे आईला कोणी म्हणाले, तर ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, आईचा तिथे अर्जच नाही. मात्र सगळेच असे अडाणी नसतात. आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार मिळतात हे गृहीत धरून "तुमचा या महिन्याचा हप्ता थांबला आहे, आलेला नंबर सांगा" असा फोन येऊ शकतो, आणि एखाद्या महिन्याचा हप्ता खरोखरच उशिरा आलेला असला की तो फोन खरा वाटतो. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, ही खरी गोष्ट आहे, पण म्हणूनच तिच्या नावाने कोणी कार्ड काढून देतो म्हणाला तर बाबांचा विश्वास चटकन बसेल, याची मला धास्ती वाटते. योजना खरी असली तरी फोन करणारा खरा ठरत नाही. असे कोणतेही काम असेल तर गावातल्या माहीतगार माणसाला घेऊन स्वतः कचेरीत जावे.

पोलीस, सीबीआय किंवा कस्टमच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दल मला थोडे कठोरपणे लिहावे लागेल. तुमच्या नावाचे पार्सल पकडले, त्यात अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगून हे लोक व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दाखवतात, न्यायालयाच्या नावाचा कागद पाठवतात आणि घरात बसूनच तुम्हाला अटक झाली आहे असे सांगतात. भारताच्या कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या "मन की बात"मध्ये हेच सांगितले होते. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर जबाब घेत नाही आणि तपासणीसाठी तुमचे पैसे कुठल्याही खात्यात भरायला सांगत नाही. मार्च 2025 मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याला अशाच धमक्या देऊन लाखो रुपये उकळले आणि त्या त्रासापायी दोघांनीही जीव दिला. ही बातमी तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा उगाळत नाही. ती माणसे भोळी किंवा लोभी नव्हती, त्यांना एकटे पाडले गेले होते. म्हणून असा फोन आला तर तो ठेवून आधी मला किंवा शेजारच्या काकांना हाक मारायची, ती रात्रीची कोणतीही वेळ असो.

परवाच्या माणसाने सांगितलेल्या दुसऱ्या सिमचे काय, हा प्रश्न बाबांच्या मनात राहिला असेल. ट्राय कोणाला फोन करून नंबर बंद करण्याची धमकी देत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. मी घरी येईन तेव्हा बाबांनी स्वतः आपला नंबर आणि आलेला ओटीपी तिथे भरायचा, मी नुसती शेजारी बसेन. त्याच पोर्टलवर "चक्षू" नावाची सोय मार्च 2024 पासून आहे. पैसे गेलेले नसले तरी अशा संशयास्पद फोनची तक्रार तिथे करता येते. त्या फोनची तक्रारही आपण तेव्हाच करू.

ओटीपी कोणाला सांगू नये हे आई आता शेजारणींनाही सांगते. पण त्यात एक फरक लक्षात ठेवावा. गॅसचा सिलिंडर दारात उतरवल्यावर आणणाऱ्याला जो क्रमांक सांगावा लागतो, तो दारात, सिलिंडर डोळ्यांसमोर असताना सांगायचा. तोच क्रमांक फोनवर मागितला तर सांगायचा नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा बँकेचे ॲप म्हणून आलेली आणि नावाच्या शेवटी "एपीके" असलेली कोणतीही फाइल उघडू नये, मग ती आत्याच्या नंबरवरून आलेली असली तरी, कारण एकदा कोणाचा फोन असा हातचा गेला की त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना तीच फाइल पोहोचते. फोनवर सांगितलेले तारा-चौकटीचे (* आणि #) आकडेही दाबू नयेत, त्यातून तुमचे फोन दुसऱ्याकडे वळवले जाऊ शकतात.

हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्रावर करता येते. माझ्या आवाजात रडत कोणी "अपघात झाला आहे, पैसे पाठवा" म्हणाले, तर आईचा जीव वर-खाली होईल हे मी जाणते. म्हणून आपण घरच्यांपुरता एक प्रश्न ठरवून ठेवू, ज्याचे उत्तर बाहेरच्या कोणाला माहीत नसेल. तो मी या पत्रात लिहीत नाही, गणपतीला आल्यावर प्रत्यक्ष सांगेन. तोवर असा फोन आला तर तो ठेवावा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर, नाही लागला तर जावयांच्या नंबरवर करावा.

एवढी काळजी घेऊनही कधी पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरवर, फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने हलवले जातात, आणि तक्रार लवकर गेली तरच ते वाटेत गोठवता येतात. पाठोपाठ बँकेला कळवावे आणि बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे पाहणाऱ्या, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. लोक काय म्हणतील, पोर काय म्हणेल, या विचारात एक रात्रही घालवू नये. मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही, आणि हे मी अगदी मनापासून लिहीत आहे.

बाबा, कृपा करून फोन उचलणे मात्र बंद करू नका. पोस्टमन, दवाखाना, नंबर बदललेले तुमचे जुने विद्यार्थी, यांचेही फोन अनोळखी नंबरांवरूनच येतात. उचलावा, कोण आहे ते विचारावे आणि पैसे, ओटीपी किंवा धमकीचा विषय निघाला की ठेवावा. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोय आहे, ती मी आल्यावर सुरू करून देईन.

या रविवारी दोघांनी मिळून एक काम करावे. पासबुकावर छापलेला शाखेचा नंबर, गॅस एजन्सी, आपले डॉक्टर, 1912 आणि 1930 हे सगळे बाबांच्या सुंदर अक्षरात मोठे लिहून टेलिफोनच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावेत आणि संध्याकाळी मला फोनवर वाचून दाखवावेत, म्हणजे एकही आकडा चुकायचा नाही. आईच्या गुडघ्याला तेल लावणे चालू ठेवावे. बाकी सर्व क्षेम.

तुमची,
सुजाता