शिरोळची नदी गाडीच्या काचेतून दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एक दिवसाची सहल म्हणून खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा मोठा रंगीत फोटो आला, बघून फार बरं वाटलं, आमच्या घरात तर तो कापून फ्रीजवर लावलाय. पण खाली जे लिहिलं होतं ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. त्यात सगळा हिशोब गाडीचा. इतक्या वाजता नृसिंहवाडी, दर्शन, पेढे घ्या, मग खिद्रापूर अर्धा तास, फोटो, आणि परत हायवे. अहो, ही सगळी ठिकाणं ज्या नदीमुळं इथं आहेत ती नदी त्यात "कृष्णेकाठी वसलेलं" एवढ्या दोन शब्दांत उरकली.

मी कुरुंदवाडची. पन्नाशी ओलांडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यात चार नद्या आहेत, कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा, आणि इथलं जुनं जे काही बघण्यासारखं आहे ते बहुतेक सगळं यांच्याच काठावर. नृसिंहवाडीला, म्हणजे आमच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथं दत्ताच्या मनोहर पादुका. देवळाला शिखर नाही, लांबून बघितलं की दर्ग्यासारखं वाटतं, आणि जुनी माणसं सांगतात की ते विजापूरच्या बादशहानं बांधून दिलं. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात शिरतं, उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात आंघोळ करायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. जगात बाकी ठिकाणी देवळात पुराचं पाणी शिरलं की रडारड होते, आमच्याकडं सोहळा होतो, एवढं नदीशी घरचं नातं आहे.

आणि वाडीहून पंचगंगेचा पूल ओलांडला की लगेच कुरुंदवाड. तिथं घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. ज्या माणसाच्या नावानं मोगलांची फौज घाबरायची त्याची समाधी वाडीपासून इतकी जवळ, आणि वाडीला रोज हजारो माणूस येतं, त्यातली किती जण पूल ओलांडून इकडं येतात? मी घाटावर बसून बघते, रविवारीसुद्धा एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. लोकांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगतच नाही. रस्त्यावर मला तरी असा एक बोर्ड दिसला नाही की ज्यावर वाडी, समाधी, खिद्रापूर हे सगळं एका नकाशावर काढून दाखवलंय.

आता खिद्रापूरचं. तुमच्या फोटोत स्वर्गमंडप होता, पण तो खालून वर बघत घेतलेला, त्यामुळं वाचणाऱ्याला कळणार नाही की तो कशासाठी बघायचा. मंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा आहे, तेरा फुटांच्या आसपास, आणि बरोबर तिच्या खाली तेवढीच गोल अखंड शिळा. भोवती बारा खांब गोलाकार. लहानपणी वडिलांनी मला त्या शिळेवर उताणं झोपवलं होतं आणि म्हणाले होते, बोलू नको, नुसतं वर बघ. पाठीला दगड गार लागत होता, वर आभाळाची थाळी, तिच्या कडेनं एक घार आली आणि गेली, आणि उन्हाचा तुकडा एका खांबावरच्या नक्षीवरून हळूहळू सरकत होता. किती वेळ गेला माहीत नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो तो बघायला आता खूप गर्दी होते, चांगलं आहे, पण बाकीच्या दिवशी तिथं पंधरा मिनिटंसुद्धा कोणी थांबत नाही. बाहेरच्या भिंतीखाली हत्तींची रांग आहे, नव्वदच्या आसपास हत्ती, देऊळ पाठीवर घेतल्यासारखे उभे. बऱ्याच हत्तींची सोंड तुटलीय, बारकाईनं बघितलं तर झूल, दागिने, वर बसलेले देव वेगवेगळे दिसतात. लहान पोरांना ते मोजायला लावा, तास कसा जातो कळत नाही.

आणि महादेवाच्या देवळात समोर नंदीच नाही! गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर आणि एक धोपेश्वर, धोपेश्वर म्हणजे विष्णू, सतीच्या दुःखानं कोपलेल्या शंकराची समजूत घालायला आलेला. सती माहेरी यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, म्हणून इथं नंदी नाही आणि तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं आमच्याकडं सांगतात. म्हणजे गोष्टसुद्धा नदी ओलांडल्याशिवाय पुरी होत नाही. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम, पुढं यादव राजा सिंघणदेवाचा शिलालेखही तिथंच. जवळच आदिनाथांचं जुनं जैन मंदिर आहे, त्याच्याकडं तर गाड्या वळतही नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुरुंदवाडचा घाट ते खिद्रापूर हा एक पायी आणि सायकलचा रस्ता म्हणून आखावा. नवीन काही बांधायला नको. वीसेक किलोमीटरच्या आत-बाहेरचं अंतर, मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी, राजापूर ही गावं वाटेत, उसातले गाडीरस्ते आहेत, पाणंदी आहेत. सैनिक टाकळीसारखं गाव, जिथं घराघरातून माणूस फौजेत गेलाय, ते बाहेरच्या पोरांनी चालत जाऊन बघायला नको का? राजापूरला कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा आहे, त्याच्या पुढं नदी कर्नाटकाची. तिथं उभं राहिलं की पाण्यावरून एवढी भांडणं का होतात ते न सांगता समजतं. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय रोज तुमच्या पेपरात असतोच, त्यात मी आज शिरत नाही.) दिवसभर चालायचं, वाटेत कुणाच्या तरी घरी कृष्णाकाठचं भरलं वांगं, भाकरी आणि दही, बायकांच्या बचत गटांना चार पैसे मिळतील, संध्याकाळी वाडीत बासुंदी. हिवाळ्यात करा, ऊसतोड चालू असते तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं बघून चालावं लागतं एवढंच.

दुसरी गोष्ट पोहण्याची, आणि ही माझ्या जास्त जिव्हाळ्याची. मला वडिलांनी घाटावर पोहायला शिकवलं, कमरेला सुका भोपळा बांधून. आठवडाभरानं भोपळा सोडला, दुसऱ्या उन्हाळ्यात मी घाटाच्या वरच्या पायरीवरून मुटका मारत होते, आणि तेव्हा मुली पोहतात म्हणून कोणी काही बोललं नाही. आज आमच्या गल्लीतल्या मुलांपैकी निम्म्यांना पोहता येत नाही, नदीकाठच्या गावात! त्यांच्या आयांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. वाळू उपसून काठाशी खड्डे झालेत, कुठं पाय सुटेल सांगता येत नाही, कृष्णेत मगरी आहेत, आणि पंचगंगेचं म्हणाल तर उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्हीच छापल्यात, त्या पाण्यात मी माझ्या नातीला उतरवणार नाही. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, डोक्याला सहा टाके पडले. आम्ही संबंधित ऑफिसात अर्ज दिला की निदान पायऱ्या घासून घ्या, कडेला साखळी लावा, खोलीचा पट्टा रंगवा. अर्ज घेतला, पोच दिली, पुढं काही नाही. मोठमोठ्या योजनांचे आकडे आम्ही वाचतो, पण एक साखळी आणि रंगाचा डबा याला किती पैसे लागतात? होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, घाटावर पट्टीचा पोहणारा एक माणूस कायम, गावातलाच, पगारी. असे पोहणारे आमच्याकडं भरपूर आहेत, पुरात हीच पोरं लोकांना बाहेर काढतात.

पुराचंही एक सांगायचंय. आमच्या घराच्या सोप्यात भिंतीवर ऑइल पेंटनं तीन रेघा ओढल्यात. २००५ ची माझ्या कमरेला लागते, २०१९ ची डोक्याच्या वर हात केला तरी पुरत नाही, २०२१ ची तिच्या वीतभर खाली. २०१९ ला खिद्रापूरला पाण्याचा वेढा पडला होता, आम्ही घर सोडून जयसिंगपूरला बारा दिवस काढले, परत आलो तेव्हा धान्य कुजल्याचा वास दाराबाहेर रस्त्यावरच आला. पाहुणे आले की कोपेश्वरच्या आधी या रेघा बघतात आणि गप्प होतात. हासुद्धा इतिहासच आहे ना? मग प्रत्येक गावात चावडीजवळ, देवळाच्या भिंतीवर या खुणा दगडात कोरून ठेवा, साल घालून. चालत जाणाऱ्याला कळेल की ज्या उसातून आपण चाललोय तिथं डोक्यावर किती पाणी होतं, आणि आमच्या पुढच्या पोरांना घर कुठं बांधायचं नाही तेही कळेल.

येत्या डिसेंबरात आम्ही काही बायका आणि गल्लीतली दहाबारा मुलं हा रस्ता स्वतः चालून बघणार आहोत, कुठं सावली आहे, कुठं प्यायचं पाणी मिळतं, बायकांना कुठं सोय आहे कुठं नाही, हे सगळं वहीत लिहून काढणार. तुमचा वार्ताहर आणि फोटोवाला दोघांना पाठवा ही विनंती. तारीख ठरली की कळवते, सकाळी साडेसहाला संताजींच्या समाधीपासून निघायचं, डबा आम्ही बांधून आणतो, त्यांनी फक्त चालायचे बूट घालून यावं.

आपली नियमित वाचक,
कुरुंदवाड, ता. शिरोळ