भानामती उतरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

आमची विहिरीवरची मोटार आता रात्री आपोआप चालू होत नाही. आजीनं मात्र स्टार्टरच्या पेटीवरचं लिंबू-मिरची अजून काढू दिलेलं नाही.

हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी मी सेलूला तुमच्या दुकानात आलो, तेव्हा "मोटारीचा रिमोट बिघडलाय" एवढंच बोललो होतो. घरात भानामतीची चर्चा होती, ते सांगायची लाज वाटली. दुसऱ्या कोणी नवा रिमोट गळ्यात मारला असता. तुम्ही खोक्यातून टीव्हीचं जुनं डोंगल काढलंत, आतली आरटीएल२८३२यू चिप दाखवलीत आणि म्हणालात, "हा रेडिओच हाय. बाकीचं लॅपटॉप करतो."

एका क्लासला फी भरून मी तीन महिने मॉड्युलेशनच्या, म्हणजे रेडिओलहरीवर संदेश कसा चढवतात त्याच्या, स्लाइडा बघितल्या होत्या. आणि डोंगल लावल्यावर केलं काय, तर परभणी आकाशवाणी शोधत बसलो! तुम्ही अर्धा तास शोधू दिलंत, वर चहा पाजलात, मग सांगितलंत: ती मीडियम वेव्हवर, आणि हे डोंगल २४ मेगाहर्ट्‌झच्या खाली उतरतच नाही. रिमोटच्या ४३३ मेगाहर्ट्‌झसाठी तुम्ही १७ सेंटिमीटर तार कापून दिलीत, लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा.

त्या रात्री आखाड्यावर लॅपटॉप उघडून बसलो. लाइट आली. आमचा रिमोट खिळ्याला लटकलेला, आणि तरी स्क्रीनवर पिवळी पट्टी उमटली. पाठोपाठ मोटार धडधडली. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

सकाळी रेकॉर्डिंग घेऊन आलो तर तुम्ही उत्तर दिलं नाहीत, कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन्सिल दिलीत. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाटा ताणून मी एकेक ठोका लिहीत गेलो. एक आखूड, एक लांब. एक आखूड, एक लांब. सलग आठ वेळा. "रिमोटातल्या चिपच्या कोडाच्या आठही पिना मोकळ्या सोडल्यात बग," तुम्ही म्हणालात. शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या रिमोटचाही तोच कोड होता. दोघांनी एकाच दुकानातून घेतलेले. ते बिचारे तर आमच्यामुळं देवऋषीकडे जाऊन आले होते!

तुम्ही रिमोट आणि रिसीव्हर, दोन्हीकडं त्याच तीन पिनांना डाख दिलात. पिन मोकळी, प्लसला किंवा मायनसला जोडलेली, अशा तीन अवस्था, आठ पिना, म्हणजे ६,५६१ कोड, हा हिशेब मी आता झोपेतही सांगेन. तरी तुम्ही बजावलंत की हा कोड बदलत नाही, ऐकणारा तो जसाच्या तसा पुन्हा वाजवू शकतो. चारचाकीच्या चावीत दर वेळी नवा कोड निघतो, तो याचसाठी.

मी लगेच "मग आपणच वाजवून बघू का?" म्हणालो. तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा दे, लायसन काढ, मग सिग्नल सोड. आणि दुसऱ्याच्या मोटारीला तेव्हाही हात लावू नको. फॉर्म भरतोय, काका.

तुम्ही डाखाचे पैसे घेतले नाहीत म्हणून पायलीभर हरभरा पाठवतोय. डोंगल मात्र एवढ्यात मागू नका. सध्या १०९० मेगाहर्ट्‌झवर विमानांनी सोडलेले सिग्नल पकडून विमानं बघतोय, आजी शेजारी बसते.

तुमचा,
आखाड्यावरचा पोरगा