बिशप हीबर यांच्या दौऱ्याचे कागद जपण्यासाठी आवाहन

पुण्याच्या लष्कर भागातले सेंट मेरी चर्च आणि ठाण्याचे सेंट जेम्स चर्च या दोन्हींचे समर्पण १८२५ च्या पावसाळ्यात रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते झाले. चर्चच्या समर्पणाला बिशपच लागतो आणि तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशप एकच, तोही कलकत्त्याला. त्यामुळे इमारत उभी राहिली तरी विधी त्याच्या दौऱ्यापर्यंत खोळंबे. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला तो १८३७ मध्ये. पहिले थॉमस कार.

हीबर यांचा जन्म १७८३ चा, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातला. ऑक्सफर्डचे शिक्षण, मग श्रॉपशरमध्ये हॉडनेट गावी पाळकपद. त्यांनी रचलेली काही गीते आजही उपासनेत म्हणतात. १८२३ मध्ये ते कलकत्त्याचे दुसरे बिशप झाले आणि पुढच्याच वर्षी गंगेच्या वाटेने निघून दिल्ली, जयपूर, बडोदे करत मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांकडे पोहोचले. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीत ते वारले, वय अवघे ४२. पत्नी अमेलिया यांनी त्यांची रोजनिशी १८२८ मध्ये छापली. उत्तरेकडच्या प्रवासावर पुष्कळ लिहिले गेले, इकडच्या मुक्कामाचे नीट मराठी टिपण मात्र हवे आहे. आमचे मंडळ ते काम करीत आहे.

त्यासाठी त्या काळची पत्रे, बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदी, खोदचित्रे कुणाकडे असल्यास कळवा. शोधताना एक चूक हमखास होते. लोक ‘हीबर’ हे आडनाव धुंडाळतात; बिशप मात्र पाळकक्षेत्राच्या, म्हणजे आपल्या अधिकाराखालच्या प्रदेशाच्या, नावाने सही करीत, म्हणून कागदावर ‘रेजिनाल्ड कलकत्ता’ असे सापडते. ठाणे ‘तन्ना’, पुणे ‘पूना’ असेही पाहा.

फोटो खिडकीशी, फ्लॅश न लावता घ्या. फोन पानाला समांतर धरा, कडेला पट्टी ठेवा. कोरी पाने आणि पुठ्ठाही सोडू नका. वही सपाट उघडली की शिवण तुटते. दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल देऊन तिरकीच ठेवा.

कृपया लॅमिनेशन करू नका. जुनी शाई लोहयुक्त आणि आम्लधर्मी असते. ती कागद आतून जाळत राहते आणि प्लास्टिक चिकटवल्यावर उपचाराची वाट बंद होते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. ओलसर पाने उन्हात वाळवली तर वाकतात. टीपकागदात घालून सावलीत, हवेशीर जागी ठेवा.

देणगी रोख दिली तर ती आम्लमुक्त खोकी आणि स्कॅनिंगवर खर्च होईल. वस्तूरूपाने पांढरा टीपकागद, मऊ केसांचे रुंद ब्रश आणि धुतलेले मलमल चालेल. चर्चमधल्या जुन्या पितळी पाट्यांना पॉलिश करून देण्याची तयारी काहीजण दाखवतात. भावना चांगली, पण घासून घासून अक्षरेच जातात. त्यापेक्षा जुनी वळणदार इंग्रजी लिपी वाचणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तर मोठे काम होईल.

मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. प्रत काढून, पोच देऊन परत करतो. आणताना प्लास्टिकची पिशवी नको. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुती कापडात गुंडाळा, दोरी सैल बांधा.