दाराशी बसलेली राणी

सोल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडचे लोक तुला आपली मानतात का गं?" मी विषय बदलला. रविवारी जोंगम्योला गेले नि तो प्रश्न पुन्हा वर आला.

जोंगम्यो म्हणजे कोरियाच्या जोसन घराण्यातल्या राजांचं पितरांचं देवघर समजा. पण तिथे एका लहानशा खोलीत आधीच्या गोर्यो घराण्यातला राजा गोंगमिन नि त्याची राणी नोगुक यांची जोडीची तसबीर आहे. राणी जन्मानं मंगोल. ज्यांनी गोर्योला मांडलिक केलं, त्यांची लेक! १३४९ मध्ये लग्न झालं, १३५१ मध्ये नवरा गादीवर आला आणि १३५६ मध्ये त्यानं तिच्या माहेरची सत्ताच झुगारायला घेतली. बाबा, ही मात्र सासरच्याच बाजूला राहिली.

१३६१ मध्ये चीनमधून लाल पागोटेवाल्या बंडखोरांची धाड आली, तेव्हा दोघं राजधानी सोडून आन्दोंग गावाला पळाले. तिथल्या बायकांनी ओणव्या होऊन पाठींचा पूल केला आणि राणीला नदीपार नेलं म्हणतात. अजून तिथे तो खेळ करतात.

परतताना, १३६३ मध्ये, राजाचा मुक्काम हुंगवांग मंदिरात होता. मारेकरी शिरले. राजासारखा दिसणारा एक सेवक त्याच्या अंथरुणात झोपला आणि मारला गेला. राजा राजमातेच्या खोलीत लपला, आणि ही दाराशी जाऊन बसली. मंगोल राजकन्येला ओलांडायची कुणाची छाती झाली नसावी. म्हणजे बघ, जे परकेपण लोकांना खुपत असेल, तेच सासरच्या कामी आलं.

लग्नानंतर किती वर्षांनी दिवस राहिले. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून राजानं कैदी सोडले, तरी १३६५ मध्ये ती त्यातच गेली. मग राजा स्वतः तिचं चित्र काढून त्याच्यासमोर जेवायला बसायचा. १३७४ मध्ये त्याचाही खून झाला. केसोंगजवळ दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत, पण ते उत्तर कोरियात. सोलपासून एवढं जवळ असून जाता येत नाही.

घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या सहज म्हणाल्या, "आमची नोगुक." आई, साडेसहाशे वर्षं लागतात बहुतेक. माझी आत्ता कुठे नऊ झाली आहेत.

बाबा, गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, नीट मापून बांधा.

तुमची,
धाकटी