म्हाताऱ्या वाघाला आयते सावज नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वय झालेल्या वाघाला वनखात्याने खाऊ घालावे काय, या चर्चेत प्राणिप्रेमींचा आवाज मोठा असतो. जंगलाच्या कडेला गुरे राखणाऱ्यांना कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

रणथंबोरच्या ‘मछली’ वाघिणीचे सुळे गेले, एक डोळा गेला, तेव्हा तिच्यापुढे जनावरे बांधून तिला जगवण्यात आले. ऑगस्ट २०१६ मध्ये ती मेली, तेव्हा तिचे वय १९च्या पुढेमागे होते. एरवी जंगलातला वाघ पंधरा वर्षेही क्वचितच काढतो. तिच्याच नातीला, ‘ॲरोहेड’ला, आजारपणात बछड्यांसह जिवंत जनावरे पुरवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये त्या परिसरात एक लहान मुलगा आणि मे महिन्यात एक वन कर्मचारी वाघाच्या हल्ल्यात दगावला, संशय ‘ॲरोहेड’च्या तरुण लेकीवर आला आणि शेवटी त्या लेकीला राजस्थानातल्याच मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पात हलवावे लागले. माणसाच्या हातून येणाऱ्या सावजाची सवय लागलेले बछडे माणसाला बिचकत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? वृद्ध वाघाचे आयुष्य असे कृत्रिमरीत्या लांबवू नये, हीच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीची भूमिका आहे.

ताडोबाचा ‘वाघडोह’ तरुण नरांपुढे टिकेना, तेव्हा चंद्रपूरलगतच्या जंगलात गेला आणि मे २०२२ मध्ये, सुमारे सतराव्या वर्षी, तिथेच मेला. मला हा शेवट रीतसर वाटतो. मात्र दात झिजलेला वाघ चितळामागे धावत नाही, तो गोठ्याकडे वळतो, आणि मग त्याच्या म्हातारपणाचा खर्च एखाद्या गुराख्याच्या माथी पडतो.

हा प्रश्न आता मराठवाड्याचाही आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जागा न मिळालेले तरणे नर २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यापर्यंत आणि २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीपर्यंत आले, आणि असे वाघही उद्या म्हातारे होणारच; किनवटकरांना तर वाघाची वर्दी नवीन नाही. इथे गाय मारली गेली की पंचनामा होईपर्यंत ती जागेवरून हलवता येत नाही, आणि उन्हाळ्यात तिला माश्या घोंघावत असताना मालक रस्त्याकडे डोळे लावून बसतो.

तेव्हा थकलेल्या वाघावर कॅमेऱ्यांनी नजर ठेवावी, तो कोणत्या बाजूला आहे हे गुराख्यांना रोज कळवावे, पंचनामा त्याच दिवशी करावा आणि वाघ वस्तीतच येऊ लागला, तर विनाविलंब पकडून त्याला नागपूरच्या गोरेवाड्यातील वन्यप्राणी बचाव केंद्रात न्यावे.

आपला,
एक वाचक, किनवट (जि. नांदेड)